एक जूनच्या बाई

बाईंविषयी लिहा, असं मला दोघा-तिघांनी सांगून झालं. आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर त्यांचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, कारण त्यांचे सर्वांत जास्त किस्से माझ्याजवळ आहेत. मी दोन-तीन सांगतो, लोक हसतात, आणि मग मी घरी जायची घाई करतो. पुढचा किस्सा सांगायची वेळ येऊ नये म्हणून. तो मी बायकोलाही सांगितलेला नाही. बाई जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलं. मी असाच गप्प राहिलो तर त्यांच्यामागे फक्त हसण्यासारखं तेवढं उरेल, म्हणून आज सगळंच लिहायला बसलो आहे.

नाशिकमधल्या एका कार्यालयात मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर होतो. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही. खिडकी माझी, जुनी रजिस्टरं माझ्या ताब्यात, आणि दाखल्यावर सहीही माझीच. बाई तिथे अर्जदार म्हणून यायच्या. उंच, किरकोळ, सुती साडी, हातात कायम छत्री. उन्हाळा असो की थंडी, छत्री असायचीच. रांगेत कोणी मध्ये घुसलं तर ती आडवी धरायला उपयोगी पडे. खिडकीशी आल्या की आधी रुमालाने काच पुसायच्या. "तुम्हाला बाहेरचं नीट दिसत नाही, म्हणून तुम्ही असे वागता," असं एकदा म्हणाल्या होत्या.

त्यांची-माझी पहिली गाठ भांडणातच पडली. त्यांनी कुणा मुलाच्या जन्मनोंदीचा शोध घेण्यासाठी अर्ज दिला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमचं नातं काय?"

"मी त्याची वर्गशिक्षिका."

"ते नात्यात बसत नाही, बाई."

"कायद्यात नातं विचारलंय कुठे? कोणीही शोध घ्यायला लावावा, फी भरावी, उतारा घ्यावा, असं आहे. दाखवू?" पिशवीतून त्यांनी कायद्याचं पातळ पुस्तक काढलं. खुणेसाठी त्यात बसची तिकिटं घातलेली होती.

मी संगणकावर नाव टाकलं. काही आलं नाही. "नोंद नाही," मी म्हणालो.

"मग तसं लिहून द्या."

"अहो, नाही म्हणजे नाही. त्यात लिहायचं काय?"

"नोंद नसल्याचाही दाखला मिळतो. सही-शिक्क्यासकट. तोंडी नाही घेऊन मी आजवर कुठूनच परत गेलेली नाही."

नाही लिहून द्यायचं म्हटलं की माणूस जरा घाबरतो. सही करायच्या आधी मी मुकाट उठलो आणि जुनं रजिस्टर काढलं. बाईंनी बाहेरूनच विचारलं, "मुलाच्या नावाने काय शोधता? नोंद झाली तेव्हा त्याचं बारसंच झालेलं नव्हतं. आईचं माहेर बघा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि दवाखान्यात नाव घालते ती आईची आई. ती लेकीचं माहेरचंच नाव सांगते." नोंद तिथेच होती. नावाचा रकाना कोरा, आईचं नाव माहेरचं. इतकी वर्षं खिडकीवर बसून मलाही हे माहीत होतं. पण उठायला लागू नये म्हणून मी ते विसरून गेलो होतो.

त्यानंतर त्या येतच राहिल्या. आल्या की शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारायच्या, "तुझ्या आईचं माहेर कुठलं?" लोकांना वाटे, बाई स्थळं जुळवतात. एका भाजीवालीने तर आपल्या भाच्याची माहिती सांगायला सुरुवात केली होती. आमच्या कार्यालयात काहींचा पक्का समज होता की बाई दाखल्यांची दलाली करतात. मलाही तसं वाटे. एकदा मी त्यांना चहाच्या टपरीवर गाठून सरळ विचारलं, "बाई, या सगळ्या नकला घेऊन तुम्ही करता काय?"

त्यांनी उत्तराऐवजी प्रश्न केला. "तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून."

"कोणत्या मास्तरांनी दिली?"

मी हसलो. खेड्यापाड्यांतून शाळेत गेलेल्या आमच्या पिढीत एक जूनवाले ढिगाने आहेत. एकतीस मेला कोणत्याही सरकारी कार्यालयात जा, निरोपसमारंभासाठी हार कमी पडतात. पण बाई हसल्या नाहीत.

"तुम्हाला कुण्या मास्तरांनी दिली. मी माझ्या पोरांना दिली," त्या म्हणाल्या. "अंबडच्या बाजूला शाळा माझी. आईबाप कारखान्यात नाहीतर बांधकामावर. पोर खडीच्या ढिगावर बसलेलं. त्याला शाळेत आणायचं तर सहा वर्षं पूर्ण हवीत. दाखला कुणाकडे नाही. मग मी पोराला उभं करायची आणि म्हणायची, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. लागला हात कानाला, की सहा पूर्ण. नाहीच लागला, तर मी मान जराशी वाकवायची. आणि लिहायची, एक जून. चांगल्यासाठीच केलं. पण किती जणांची वयं मी माझ्या हाताने वाढवली, साहेब. निवृत्त झाल्यावर झोप लागेना. म्हटलं, आता बसून ज्याची त्याची तारीख परत करावी."

ही त्यांची दलाली. शाळेतली जुनी मुलं शोधायची, आयांना भेटायचं, नक्कल काढायची आणि नेऊन द्यायची. बहुतेकांना ती नको असायची. त्यांचा एक विद्यार्थी रिक्षा चालवायचा. तो माझ्यासमोरच म्हणाला, "बाई, आधारवर एक जून, लायसनवर एक जून, बायकोलाबी तेच पाठ. आता ही नवी तारीख घेऊन मी काय करू?"

"घरात ठेव. त्या दिवशी आईला शिरा करायला सांग. तिला ती तारीख माहीतच आहे, तिला कुणी विचारलं नाही इतकंच."

इथवरचे किस्से मी कट्ट्यावर सांगतो.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी जून उजाडला तेव्हा बाई सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच येऊन दाराशी उभ्या होत्या. काच पुसली नाही. अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "ही नक्कल मला दोन दिवसांत लागेल."

त्यांच्याच शाळेतली मुलगी. नुकतीच बारावी पास झालेली, नर्सिंगला प्रवेश मिळालेला. आणि पाच दिवसांवर तिचं लग्न. शाळेच्या दाखल्याप्रमाणे एक जूनला तिला अठरा पूर्ण झाली होती. घरचे तेवढ्यासाठीच थांबले होते. पण तारीख बाईंनी दिलेली. तिची आई बाईंना घाबरत घाबरत बोलली होती की पोरगी दाखल्यातल्या तारखेच्या पुढच्या वर्षीची, संक्रांतीनंतरची, इथल्याच सरकारी दवाखान्यात झालेली. म्हणजे मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून सात-साडेसात महिने होते.

"बालविवाह थांबवण्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्या साहेबांकडे जाऊन आले," बाई म्हणाल्या. "ते म्हणतात, शाळेचा दाखला अठरा सांगतो आणि त्यावर सही तुमची. आता तुम्हीच ते खोटं म्हणता? जन्माची नोंद आणा, मी स्वतः मांडवात येतो. तेव्हा सगळं या कागदावर आहे. आईचं माहेरचं नाव लिहिलंय बघा. सासर चांदवडकडचं, माहेर इथलं."

त्या गेल्या. मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन रजिस्टर काढलं. शोधायला वेळ लागलाच नाही. जानेवारीचा तिसरा आठवडा. मुलगी. नावाचा रकाना कोरा. आईचं नाव बाईंनी लिहिलेलं, तेच. वडिलांच्या पत्त्यात चांदवड तालुक्यातलं गाव. मी बोटांवर महिने मोजले. बाईंचा हिशेब बरोबर होता.

मान वर केली तर दारात आमचा शिपाई उभा.

"सापडली का, साहेब?"

मी उघड्या पानावर हात ठेवला.

"सापडलीच असंल. वैनीनं सांगून टाकलं ना त्या बाईला." तो आत आला. "माझ्या भावाची पोरगी हाय ती, साहेब."

हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मुलगी लहान आहे रे अजून."

"सात महिन्यांनी मोठी होईलच की. सात महिन्यात काय फरक पडतो? स्थळ लय चांगलं हाय. पत्रिका वाटून झाल्या, हॉल ठरला, आचाऱ्याला इसार गेला. आता पोलीस मांडवात आले तर भावानं तोंड कुठं दाखवायचं?"

"तिला शिकायचंय म्हणतात."

"शिकंल ना सासरी जाऊन. त्यांनी शब्द दिलाय." मग त्याने मागचं दार लोटून घेतलं. "साहेब, इतकी वर्षं झाली. मी तुम्हाला कधी काय मागितलं का?"

खरंच नव्हतं मागितलं. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात लिफ्ट बंद होती, तेव्हा यानेच तिला पाठीवर घेऊन जिना उतरवला होता. बोलला नाही तो ते. पण आम्हा दोघांनाही तेच आठवत होतं. आणि उगाच सगळं त्याच्यावर ढकलायचं नाही; मला स्वतःलाही वाटत होतं की सात महिन्यांसाठी एवढा तमाशा कशाला. पोरीचं चांगलं होतंय. बाईंना काय, त्यांना आपली झोप हवी आहे.

मी रजिस्टर मिटलं. जागेवर आलो आणि छापील नमुना भरला: अर्जात नमूद केलेल्या कालावधीतील अभिलेखांचा शोध घेतला असता नोंद आढळून आली नाही. सही केली. शिक्का जरा तिरका बसला, म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा भरला आणि पुन्हा सही केली. तिरक्या शिक्क्याचा कागद शिपाई घडी घालून घेऊन गेला. म्हणजे थांबायला मला दोनदा जागा मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो कागद खिडकीवरच वाचला. मग काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता भांडतील, रजिस्टर दाखवा म्हणतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"तुम्ही स्वतः बघितलंत? संगणकावर नव्हे, पुस्तकात?"

"हो."

"आईच्या माहेरच्या नावाने?"

"हो बाई. पानन् पान."

त्यांनी कागदाची घडी घातली. "तुम्ही बघितलंत ना, मग झालं. दुसरा कुणी असता तर मी आत आले असते." आणि स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे आईचाच घोळ झाला. बाळंतपण सासरी झालं असणार. मग नोंद चांदवडला."

"बाई, आता तिकडे कुठे जाता," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

"चार दिवस आहेत की अजून."

ते चार दिवस मी कसे काढले ते सांगून काही उपयोग नाही. अर्जावर त्यांचा फोन नंबर होता. अर्ज माझ्या टेबलावरच होता. एकदा मी तो नंबर लावलाही. पलीकडून बसच्या घरघरीत बाईंचा आवाज आला, "कोण बोलतंय? मोठ्याने बोला, मी चांदवडच्या स्टँडवर आहे." मी फोन ठेवून दिला. शिपाई त्या दिवसांत सुट्टीवर होता. जाण्याआधी पत्रिका माझ्या हातात देऊन, वाकून नमस्कार करून गेला होता.

लग्नाला मी गेलो. नाही गेलो तर कुणाला शंका येईल असं मनात होतं. कुणाला येणार होती कोण जाणे. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पंगती बसल्या. मी पानावर बसलो होतो तेव्हा बाई हॉलच्या दारातून आत आल्या. प्रवासात चुरगळलेली साडी, खांद्याला पिशवी. त्यांनी स्टेजकडे बघितलं. मुलगी हार घालून उभी होती आणि कोणी तरी तिचा फोटो काढत होतं. ओळखीचा असा मी एकटाच दिसलो असेन, म्हणून माझ्याजवळ येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या. "चांदवडच्या माणसाने पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, बघा बाई, तुम्हीच बघा. दोन दिवस बघितली. नाही."

मी पानाकडे बघत होतो.

"मग तिच्या आईच्या सासरच्या गावी गेले. तिथेही नाही. माझंच काही तरी चुकलं. आता वयही झालं, नावांची सरमिसळ होते." त्यांचा आवाज मी कधी इतका खाली आलेला ऐकला नव्हता.

तेवढ्यात शिपाई जिलबीचं ताट घेऊन आला. नवा सदरा, कपाळावर टिळा. "साहेब, अजून एक घ्यायची. नाही म्हणायचं नाय आज. माझ्या पुतणीचं—" आणि मग त्याला बाई दिसल्या. ताट तसंच हातात राहिलं.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हा तुमच्या कार्यालयात असतो ना?"

"हो," मी म्हणालो.

"मुलीचा कोण?"

"चुलता," शिपायानेच सांगितलं.

त्या माझ्या पानातल्या जिलबीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता छत्री उचलतील, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, स्टेजवर गेल्या, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

त्यानंतर बाई माझ्या खिडकीवर कधी आल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात, माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना, एका दवाखान्यातून जन्माच्या नोंदीचे फॉर्म आले. त्यांत एक त्या मुलीच्या बाळाचा होता. या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: विवाहाच्या वेळी आईचे वय. दवाखान्याने तो रिकामा सोडला होता. शिपाई सोडला तर खरं वय माहीत असलेला माणूस त्या कार्यालयात मी एकटाच. मी तिथे अठरा लिहिलं आणि नोंद केली.

निवृत्तीनंतर पुष्कळ दिवस मी बाईंच्या घराच्या रस्त्याने जाणंच टाळलं. मग कट्ट्यावर कुणीसं म्हणालं की त्यांची तब्येत उतरली आहे. दुसऱ्या दिवशी मी निघालो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं. तीन वाक्यं होती. पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केली, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

दार उघडलं ते त्या मुलीने.

"काकांच्या ऑफिसातले साहेब ना तुम्ही? लग्नात आला होतात," असं म्हणून ती माझ्या पायाशी वाकली. मी काही तरी पुटपुटलो. आत टेबलावर तिची वह्या-पुस्तकं पसरलेली होती. लहान मूल आईकडे ठेवून ती बाईंकडे इंग्रजी शिकायला यायची. तो नर्सिंगचा प्रवेश गेला होता, आता पुन्हा प्रयत्न करत होती. सासरच्यांना पसंत नव्हतं. ती येत होती.

बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या. "बसा," म्हणाल्या, आणि मुलीला चहा करायला पाठवलं. ती आत गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, "नोंद होती ना?"

मी खाली बघितलं. त्यांना तेवढं पुरलं.

"तुमच्याशी भांडायचं नाही मला. भांडायचं वय गेलं. पण हिला मी तेव्हा घरी जाऊन सांगितलं होतं की तू अजून लहान आहेस, मी कागद घेऊन येते, तोवर हो म्हणू नकोस. ही थांबली होती. बापाचा मार खाल्ला, पण थांबली होती. मग चुलत्याच्या हातून तुमचा कागद घरी आला, आणि बापाने तो हिला वाचून दाखवला." त्यांना दम लागला. "हिला वाटतं, माझा घोळ झाला. म्हातारीचा घोळ म्हणून सोडून दिलंय तिने. रागही नाही तिला. तेच मला सोसत नाही. आता ती चहा घेऊन येईल. तुम्ही सांगा तिला. मी सांगून ती खरं धरणार नाही."

मुलगी चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना हसून म्हणाली, "बाईंच्या हिशोबाने लग्नात मी सतराची होते, साहेब. अजून तेच म्हणतात. तुम्ही तर स्वतः पुस्तक बघितलं होतं ना? सांगा ना यांना एकदा."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. कसलाही राग नव्हता. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असलेल्या शिक्षिकेने थांबावं, तशा त्या थांबल्या होत्या.

मी चहाचा घोट घेतला. "चहा छान झालाय," मी म्हणालो.

कप खाली ठेवला, तब्येतीला जपा म्हणालो, आणि उठलो. चपला घालताना मागून बाईंचा आवाज आला, "चल, कालचा धडा काढ." मुलीने दार लावून घेतलं. मी जिन्यात कठड्याला धरून उभा राहिलो. परत वर जायला चार पायऱ्या होत्या. आतून बाई इंग्रजी शब्द म्हणत होत्या आणि मुलगी त्यांच्यामागून म्हणत होती. वाटेत पाठ केलेली वाक्यं तेव्हाही मला पाठ होती: बाई, नोंद होती. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मला क्षमा करा.